नळी वाकडी, नेम नाही

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मेळाव्यासाठी फोन आला तेव्हा मला विषय सांगितला होता ‘सॉफ्टवेअर क्षेत्रातील संधी’. मी म्हटलं, त्यावर बोलणारे आपल्या बॅचमध्ये चार जण आहेत. मी बंदुकांवर बोलू का? पलीकडे बराच वेळ कोणी बोललंच नाही. मग विचारणा झाली, ‘अगं, शाळेत बोलायचं आहे, माहीत आहे ना?’ मी म्हटलं, ‘माहीत आहे, म्हणूनच.’

घाबरू नका. मी बोलणार आहे त्या छर्‍याच्या बंदुका. जत्रेत फुगे फोडतात त्या. आपण सगळ्यांनी कधी ना कधी त्या खांद्याला लावल्या आहेत. गेली दहा वर्षं मी जुन्या, स्प्रिंगवर चालणार्‍या छर्‍याच्या बंदुका जमवते, त्या कुठल्या सालच्या ते शोधते आणि दुरुस्त करते. आज माझ्याकडे अकरा आहेत. त्यांतली एक सोबत आणली आहे. ती या टेबलावर आहे. मुख्याध्यापकांची परवानगी घेतली आहे आणि बंदूक रिकामी आहे.

आधी ती चालते कशी ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. हिच्यात दारू नसते. नळी मधून मोडून खाली दाबली की आतली जाड स्प्रिंग मागे दबते आणि चापात अडकते. नळीच्या तोंडात छर्रा ठेवायचा, नळी परत सरळ करायची. चाप ओढला की स्प्रिंग सुटते आणि दट्ट्याला पुढे ढकलते. दट्ट्यापुढची हवा एका क्षणात दाबली जाते आणि ती छर्‍याला बाहेर फेकते. सायकलचा पंप डोळ्यांसमोर आणा. दट्ट्याच्या टोकाला जुन्या बंदुकांत वाटीसारखा कातडी वॉशर असतो, पंपात असतो तसाच. तो वॉशर सुकला की हवा बाजूने निसटते आणि छर्रा नळीतच अडकून बसतो. जुनी बंदूक ‘मेली’ असं लोक म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा तिचा फक्त वॉशर सुकलेला असतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा. छर्रा न घालता ही बंदूक कधी उडवू नये. पुढे छर्रा असला की दबलेली हवा दट्ट्याला उशीसारखी अडवते. छर्रा नसला तर दट्ट्या थेट नळकांड्याच्या भिंतीवर आदळतो. दहा-वीस वेळा असं केलं की वॉशरही जातो आणि स्प्रिंगही. आणि दुसरी गोष्ट, नळी उघडी असताना चाप ओढू नये. ती का, ते पुढे येईलच.

आता साल कसं ओळखायचं. या छंदातला मला सगळ्यांत आवडणारा भाग हाच. आपल्याकडे घरोघरी सांगतात, ‘आमची बंदूक इंग्रजांच्या काळातली.’ बंदुकीला विचारलं तर ती वेगळंच सांगते. बीएसए हे नाव तुम्ही सायकलवर वाचलं असेल. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, मुळात बंदुकांचा कारखाना. एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका ही त्यांची खूण. बर्मिंगहॅमच्याच लिंकन जेफ्रीज यांनी १९०४ मध्ये एका हवेच्या बंदुकीचं पेटंट घेतलं आणि १९०५ पासून बीएसएने ती बनवायला सुरुवात केली. त्यांचंच एअरस्पोर्टर नावाचं मॉडेल १९४८ चं. म्हणजे कोणी एअरस्पोर्टर दाखवून ‘ही पणजोबांनी १९३० साली घेतली’ म्हणालं, तर पणजोबांबद्दल आदर ठेवून आपण मनातल्या मनात ती १८ वर्षं वजा करायची.

जर्मनीतल्या रास्टाट गावच्या कारखान्याची बंदूक म्हणजे डायना. कारखाना १८९० चा. डायना ही शिकारीची देवता. खुणेच्या चित्रात तिने धनुष्य टाकून दिलं आहे आणि डोक्यावर बंदूक उंच धरली आहे. दुसर्‍या महायुद्धानंतर या कारखान्याची यंत्रं आणि डायना हे नावसुद्धा ब्रिटनमध्ये गेलं आणि स्कॉटलंडमध्ये डायना बंदुका बनू लागल्या. जर्मन कारखाना पुढे पुन्हा उभा राहिला, पण ब्रिटनमध्ये त्याला आपलाच माल ‘ओरिजिनल’ या नावाने विकावा लागला. त्यामुळे डायना हातात आली की ती कुठल्या देशात बनली याची अक्षरं आधी वाचायची. युद्धानंतरच्या जर्मन डायनावर नळकांड्याच्या मागच्या टोकाला बारीक आकडे ठोकलेले असतात, महिना आणि वर्ष. गंज आणि मळ यांच्या खाली ते दडलेले असतात. रॉकेलच्या बोळ्याने हळूहळू पुसायचं. काचकागद लावला तर गंजाबरोबर आकडेही जातात.

आपल्याकडेही या बंदुका बनल्या. इंडियन ह्यूम पाइप ही वालचंद हिराचंद यांनी १९२६ मध्ये सुरू केलेली कंपनी. सिमेंटचे मोठे पाइप म्हणजे ह्यूम पाइप हे समीकरण आपल्या गावागावांत आहे. त्याच कंपनीने छर्‍याच्या बंदुकाही काढल्या. त्यांच्यावर ‘आयएचपी’ अशी अक्षरं असतात. अनेकांना ती अक्षरं परदेशी कंपनीची वाटतात. मी सांगते तेव्हा लोक हसतात, ‘पाइपवाले ना? बरोबर, बंदूक म्हणजे पण पाइपच.’

आता ही टेबलावरची बंदूक. डायना, मॉडेल २७. मागे आकडे आहेत ०९ ६६, म्हणजे सप्टेंबर १९६६. तुमच्यापैकी निदान वीस जणांनी ही बंदूक चालवली आहे. जव्हारच्या दसर्‍याला चालवली आहे, मोखाड्याच्या बोहाड्याला चालवली आहे. ही माझ्या बाबांची बंदूक.

माझे बाबा काय करायचे, हे शाळेत फार थोड्या जणांना माहीत होतं, कारण मी ते लपवायचे. फॉर्मवर मी ‘सायकल दुकान’ लिहायचे. ते खोटं नव्हतं. बाबांचं सायकल दुरुस्तीचं छोटं दुकान होतंच. पण पावसाळा संपला की ते फळ्या, फुगे आणि तीन बंदुका घेऊन जत्रांना निघायचे. जव्हारचा दसरा, होळीनंतर मोखाड्याचा बोहाडा, चैत्रात डहाणूकडची महालक्ष्मीची जत्रा. एसटीच्या टपावर फळी आणि पायाशी गोणपाटात गुंडाळलेल्या बंदुका. सुट्टीत आई आणि मीही सोबत असायचो. फुगे फुगवायचं काम आईचं, छर्रे मोजून द्यायचं काम माझं. रात्रभर बाजूला संबळ वाजत असायचा, सोंगं नाचत असायची, आणि मी पेट्रोमॅक्सच्या उजेडात डबीतून छर्रे मोजत असायचे. दोन रुपयांना तीन.

तीन बंदुकांना आमच्या घरी नावं होती. डायनावर देवीचं चित्र, म्हणून ती ‘बाईवाली’. आयएचपी ती ‘पाइपवाली’. तिसरीवर कसलीच खूण नव्हती, तिला ‘बिनावाली’ म्हणायचो. एक गोष्ट मला तेव्हा कळायची नाही. बाईवाली आणि पाइपवाली घेणार्‍याला तीन छर्रे द्यायचे, पण बिनावाली घेणार्‍याला बाबा चार द्यायला लावायचे. मला वाटायचं, हिशेब चुकतो आहे. एकदा मी तसं म्हटलं, तर म्हणाले, ‘तिला चारच.’

आठवीत असताना दसर्‍याला आपल्या वर्गातली काही मुलं दुकानावर आली. मला बघून आधी हसली. मग बाईवाली घेतली, पैसे दिले, छर्रे घेतले, आणि एकही फुगा फुटला नाही. दुसर्‍यांदा पैसे दिले, पुन्हा नाही. सुट्टी संपल्यावर वर्गात सगळ्यांसमोर एक जण म्हणाला, ‘हिच्या बाबांच्या बंदुका मुद्दाम वाकड्या करून ठेवलेल्या असतात. जत्रेतले सगळे असेच, चोर.’ तो आज इथे आहे. नाव घेणार नाही. तुझ्यावर राग नाही रे, ते तू सहज बोलून गेलास. पण मी त्या दिवशी घरी गेले ती थेट दुकानात. बाबा एका सायकलचा डुगडुगणारा रीम सरळ करत होते. मी विचारलं, ‘बाबा, तुम्ही बंदुका मुद्दाम वाकड्या ठेवता का?’

त्यांनी हातातली चावी खाली ठेवली नाही. मान वर न करता म्हणाले, ‘नळी वाकडी आहे. नेम वाकडा नाही.’

मला वाटलं, ते बोलण्यात पकडले गेले आहेत आणि शब्दांचा खेळ करत आहेत. नळी वाकडी असेल तर नेम सरळ कसा असेल? मी पुढे काही विचारलं नाही. पण त्या वर्षीपासून मी जत्रेला जायचं बंद केलं. अभ्यास आहे म्हणायचे. आईने एकटीने फुगेही फुगवले आणि छर्रेही मोजले. दहावी झाली, बारावी झाली, २००३ मध्ये इंजिनिअर झाले, नोकरी लागली. फीचे पैसे त्याच फुग्यांमधून आले हे मला माहीत होतं. तरी ‘चोर’ हा शब्द मनातून कधी पूर्ण गेला नाही.

बाबांशी बंदुकीवर मोकळेपणाने बोलले ते एकदाच. २००८ च्या ऑगस्टमध्ये अभिनव बिंद्राने बीजिंगला दहा मीटर एअर रायफलमध्ये सुवर्णपदक जिंकलं तेव्हा. मी घरी आले होते, टीव्हीवर तेच चालू होतं. मी म्हटलं, ‘बाबा, ही आपलीच बंदूक!’ ते म्हणाले, ‘त्याच्या बंदुकीत स्प्रिंग नाही, आधीच भरलेली हवा आहे. स्प्रिंगवाली हातात उडी मारते.’ आणि मग हसून म्हणाले, ‘दहा मीटर! आपण पाच मीटरवर उभं करतो, तरी लोक बंदुकीला शिव्या देतात.’ मी हसले. विचारायचं ते तेव्हाही विचारलं नाही. २०१२ मध्ये बाबा गेले.

२०१५ मध्ये जव्हारच्या घराची कौलं उतरवली. तेव्हा माळ्यावरून गोणपाटात बांधलेल्या तीन बंदुका खाली आल्या. आई म्हणाली, भंगारात दे. मी ठाण्याला घेऊन गेले. इंजिनिअर आहे, उघडून बघू, एवढाच विचार.

उघडताना पहिला धडा मिळाला. आतली स्प्रिंग बंदूक मोकळी असतानाही थोडी दाबून बसवलेली असते. मागची खीळ काढली की ती माणसाच्या तोंडावर येऊ शकते. म्हणून सुताराचा लांब शिकंजा लावून, स्प्रिंग दाबून धरून, मगच खीळ काढायची आणि शिकंजा सावकाश सैल करायचा. आत जुनं तेल काळ्या डांबरासारखं घट्ट झालेलं होतं. वॉशर काढला आणि ओळखला. बाबांनी तो स्वतः कापला होता. चांभाराकडचं जाड कातडं पाण्यात भिजवायचं, लाकडी साच्यात दाबून वाटीचा आकार द्यायचा, रात्रभर सुकवायचं, कडा कापायच्या आणि तेलात मुरवायचं. पंपाचे वॉशर ते असेच बनवायचे, मी लहानपणी शंभर वेळा पाहिलं होतं. मी तसाच नवा बनवला. तिसर्‍या प्रयत्नात जमला.

तेलाचंही एक शास्त्र आहे. शिवणयंत्राचं पातळ तेल यात घालू नये. हवा इतक्या वेगाने दाबली जाते की ती प्रचंड तापते, आणि पातळ तेल त्या उष्णतेने पेट घेतं, डिझेल इंजिनात होतं तसंच. मोठा आवाज होतो, नळीतून धूर येतो. बघणार्‍याला वाटतं बंदूक जोरदार झाली. खरं तर आतून स्प्रिंग आणि वॉशर मार खात असतात.

दस्त्यावरचा मळ काढला, लाकडाला जवसाचं तेल चोळलं. मग नळीच्या टोकाकडे वळले. तिथे नेम धरायची माशी असते. या बंदुकीच्या माशीवर पितळेचा एक ओबडधोबड तुकडा डाख देऊन चिकटवलेला होता. मूळ माशीपेक्षा बराच उंच. एखाद्या जुन्या किल्लीचा कापलेला तुकडा असावा, कारण त्यावर किल्लीच्या भोकाची अर्धी कड अजून दिसत होती. मला वाटलं, हेच ते! याच तुकड्याने बाबा नेम बिघडवायचे. खरं सांगते, त्या क्षणी मला रडू आलं. मी डाखणी तापवली, तो तुकडा काढून टाकला आणि बंदूक अगदी रास्टाटहून निघाली तशी केली. मनात म्हटलं, आता तरी ही सरळ मारेल.

पुढच्या सुट्टीत जव्हारला आईच्या परसात वाळूच्या पोत्यांपुढे कागद लावला. बाबांचंच अंतर घेतलं, पाच मीटर. दस्ता उशीवर टेकवून पाच छर्रे मारले. पाचही एका रुपयाच्या नाण्यात मावतील इतके जवळ. पण काळ्या ठिपक्याच्या पाच सेंटिमीटर वर.

मला काही कळेना. माझ्या हाताची चूक असती तर छर्रे विखुरले असते. मागची खाच खाली करायला स्क्रू असतो, तो फिरवून पाहिला, तर तो आधीच तळाला टेकलेला. मग नळी काढली आणि तिच्या खालच्या अंगाला पोलादी पट्टी लावून पाहिली. पट्टी मधे टेकली आणि दोन्ही टोकांना डुलायला लागली. नळी वाकलेली होती. वरच्या बाजूला.

आता मघाची दुसरी सूचना आठवा. नळी उघडी असताना चाप ओढला तर स्प्रिंगचा सगळा जोर नळीवर येतो. ती झटक्यात वर येऊन आदळते आणि बहुतेक वेळा वाकते. वर वाकलेल्या नळीतून छर्रा वर जातो. तो खाली आणायचा तर पुढची माशी उंच करावी लागते. किती उंच? इथे मला आपले गणिताचे सर आठवले आणि नववी-दहावीतले समरूप त्रिकोण आठवले. मागची खाच आणि पुढची माशी यांच्यात ४० सेंटिमीटर अंतर. पाच मीटरवर, म्हणजे ५०० सेंटिमीटरवर, चूक पाच सेंटिमीटर. मग ४० सेंटिमीटरवर ती किती? करा तोंडी. बरोबर, चार मिलिमीटर.

काढलेला पितळेचा तुकडा मी सुदैवाने एका डबीत ठेवला होता. व्हर्नियर लावला. मूळ माशीच्या वर त्याची उंची चार मिलिमीटर होती, जेमतेम केसभर कमी.

मी आईला आत बोलावलं आणि तो तुकडा दाखवला. तिने बघताक्षणी ओळखला. म्हणाली, ‘अगं, ही आपल्या जुन्या पेटीची किल्ली. बोहाड्याला एकाने नळी उघडी असताना चाप ओढला, नळी उठली. तुझे बाबा रात्रभर कंदिलापुढे कानस घेऊन बसले होते. घासायचे, एक छर्रा मारायचे, परत घासायचे. सकाळी लागोपाठ पाच फुगे फोडले, मग दुकान लावलं.’ मी विचारलं, नळीच का नाही सरळ केली? ती म्हणाली, ‘मोडली असती तर? बाईवाली एकदाच मिळते, म्हणायचे.’

नळी वाकडी आहे, नेम वाकडा नाही. त्यांनी मला खरं उत्तर दिलं होतं, अगदी नेमकं. समजून घ्यायला मला बावीस वर्षं लागली, आणि तेव्हा सांगायला ते नव्हते.

मग मी उरलेल्या दोन बंदुका नीट तपासल्या. इथे मला पूर्ण खरं सांगायला हवं. पाइपवाली सरळ होती. बिनावालीची नळी आतून इतकी झिजली होती की पाच छर्रे पाच दिशांना जायचे. तिचा नेम लागणं कठीणच होतं, आणि बाबांना ते माहीत होतं. नवी बंदूक घ्यायला पैसे नव्हते. म्हणून तिला चार छर्रे. माझा हिशेब चुकत नव्हता आणि त्यांचाही नाही.

मी तो पितळेचा तुकडा पुन्हा जागेवर डाख देऊन लावला. माझा डाख त्यांच्यापेक्षा सुबक आहे. पण माझं काम तयार मापावर तुकडा चिकटवण्याचं होतं. त्यांनी ते माप कंदिलाच्या उजेडात शोधून काढलं होतं.

तेव्हापासून मी दुरुस्तीचा एक नियम केला. कुठलीही बंदूक हातात आली की जे विचित्र दिसतं ते आधी काढायचं नाही. फोटो काढायचा, माप घ्यायचं, आणि पाच छर्रे मारून पाहायचं. आमच्या प्रोग्रॅमिंगमध्येही असंच असतं. जुन्या प्रोग्रॅममध्ये एखादी ओळ अर्थहीन दिसते, नवा मुलगा ती उत्साहाने खोडतो आणि दुसर्‍या दिवशी सगळ्यांचे फोन वाजायला लागतात. माझ्या संग्रहातल्या अकरा बंदुकांपैकी चारांवर तरी कोणाच्या ना कोणाच्या हातची दुरुस्ती आहे. एका बीएसएला फुटलेल्या दस्त्यावर तांब्याच्या तारेचे वेढे आहेत. जाणकार म्हणतात, तार काढ, नवा दस्ता लाव, किंमत दुप्पट होईल. होईलही. पण मूळ स्थितीत आणणं म्हणजे कुठल्या दिवसापर्यंत मागे जाणं? कारखान्यातून निघाली त्या दिवसापर्यंत, की ती कोणाच्या तरी उपयोगी पडत होती त्या दिवसापर्यंत? माझं उत्तर मी वर सांगितलंच.

ज्यांच्या घरी माळ्यावर अशी बंदूक असेल, त्यांच्यासाठी दोन कामाच्या गोष्टी. पहिली कायद्याची. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या, म्हणजे .१७७ बोअरच्या, आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही. .२२ बोअरची असेल तर लागतो. म्हणून सापडली की आधी बोअर तपासा. ऊर्जा काढायची तर आपलं जुनंच सूत्र, अर्धा एम व्ही वर्ग. या बाईवालीचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा, वेग मी मोजला तो सेकंदाला १८० मीटर. उत्तर आठ ज्यूलच्या आसपास येतं. फुग्याला भरपूर, आणि डोळा घालवायलाही भरपूर. म्हणून चष्म्याशिवाय कोणी नाही.

दुसरी गोष्ट पाखरांची. आपल्या जव्हार-मोखाड्याच्या पोरांच्या हातात गलोल असायची, कोणाकडे छर्‍याची बंदूक. होले, कवडे, बुलबुल, सगळं मारलं जायचं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा गलोलीलाही लागू आहे आणि बंदुकीलाही. तिकडे अरुणाचल प्रदेशात २०२१ मध्ये लोकांनी आपणहून एअरगन सरकारजमा करण्याची मोहीम सुरू झाली आणि गावोगावच्या शिकार्‍यांनी बंदुका आणून दिल्या. बाबांकडेही लोक एक दिवसासाठी बंदूक भाड्याने मागायला यायचे. चांगले पैसे द्यायचे. बाबा म्हणायचे, ‘फुगा सोडून कशावरही नाही.’ तेव्हा मला तो धंद्यातला अडाणीपणा वाटायचा.

माझं बोलणं संपत आलं. मी आज हे शाळेत का सांगितलं? कारण ‘चोर’ हा शब्द मी या इमारतीत ऐकला होता आणि त्याला उत्तरही इथेच द्यायचं होतं. बाबांना ते ऐकू जाणार नाही. आई तिथे मागच्या रांगेत बसली आहे, तिला ऐकू गेलं. आई, त्या सगळ्या जत्रांना मी यायला हवं होतं.

आणि एक शेवटचं. मैदानाच्या कडेला, भिंतीलगत, बाबांची जुनी फळी लावली आहे. मागे वाळूची पोती आहेत, पुढे दोरी आहे, चष्मे ठेवले आहेत. जेवण झालं की या. फुगे आईने फुगवले आहेत, छर्रे मी मोजून देणार आहे. दोन रुपयांना तीन, भाव वाढवलेला नाही. ज्याने आठवीत तक्रार केली होती, त्याला पहिला नंबर. बंदूक बाईवालीच मिळेल. माशी मी कालच तपासली आहे, त्यामुळे फुगा नाही फुटला तर बंदुकीला दोष द्यायचा नाही.